हलणारं पॅनलवर, राहणारं फळ्यावर

वाचकाचं पत्र

मी पुण्यात, पेठेतल्या एका अनुदानित मराठी शाळेत सहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. नोकरीला चोवीस वर्षं झाली, निवृत्तीला नऊ उरली. वर्गाचा पट ६१. यंदा जूनमध्ये फळ्याशेजारी मोठं टचस्क्रीन पॅनल लागलं. ते कसं चालवायचं हे सांगायला एक माणूस पाऊण तास आला, त्यातली वीस मिनिटं पासवर्ड शोधण्यात गेली. शेजारच्या तुकडीवरचे तरुण सर रोज काहीतरी नवीन लावतात, त्यांच्या वर्गातून हसण्याखिदळण्याचे आवाज येतात. माझ्या वर्गात परवा व्हिडिओच सुरू होईना. पाच मिनिटं मी बटणं दाबत होते. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, राहू द्या, फळ्यावरच शिकवा." सगळा वर्ग हसला. शिक्षकांच्या ग्रुपवर रोज चाळीस लिंका येऊन पडतात. हे अ‍ॅप बघा, ते वापरून बघा. मुख्याध्यापकांना दर आठवड्याला पॅनल वापरतानाचे फोटो हवे असतात. हे सगळं शिकू, की नऊ वर्षं खाली मान घालून काढू? आणि शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

– फळ्यापुढची

प्रिय बाई,

'बाई' म्हणते, कारण बत्तीस वर्षं मलाही कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. अजूनही भाजी घेताना मागून "बाई, तुम्ही इकडे?" असं ऐकू आलं की समजते, आपल्या हाताखालून गेलेली कुठलीतरी बॅच.

आधी त्या मागच्या बाकाबद्दल. 'फळ्यावरच शिकवा' हे तुम्हाला टोमण्यासारखं लागलं. मला तसं वाटलं नाही. सहावीतली मुलं बाईंच्या मदतीला येतात ती अशीच, जरा आगाऊपणा करत. आणि समजा टोमणा असलाच, तरी सल्ला बरोबर होता. व्हिडिओ सुरू होत नाही? एक मिनिट बघायचं, फार तर दीड. पुढे फळा. ६१ मुलांना पाच मिनिटं नुसतं बसवून ठेवलं की जे व्हायचं तेच झालं.

हा काही माझा शहाणपणा नाही, ठेच लागल्यावर आलेली अक्कल आहे. प्रोजेक्टर वापरायचा माझा पहिला तास. फोन जोडून पेशीचं चित्र दाखवत होते. केंद्रक कुठे आहे म्हणून काठी टेकवली, आणि नेमका तिथेच घरून आलेला निरोप झळकला: 'येताना अर्धा किलो भेंडी आण, कोवळी बघून.' त्या वर्गाने वर्षभर केंद्रकाला भेंडी म्हटलं. एकाने सहामाहीच्या पेपरात आकृतीला तसं नावसुद्धा दिलं होतं, मग खोडलं होतं. तेव्हा फोन जोडण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. पहिली टिप घ्या ही.

आता मुद्द्याचं. 'हे सगळं शिकू का' असं विचारता. सगळं नाही. ग्रुपवर चाळीस लिंका टाकणाऱ्यांनीही त्यातल्या अडतीस उघडलेल्या नसतात. लिंक पुढे ढकलली की आपण काहीतरी केलं असं वाटतं, एवढंच. मी तुम्हाला उलट विचारते: सहावीच्या गणितात तुमचं दरवर्षी नेमकं कुठे अडतं? साधन त्यानंतर. आणि कदाचित साधन लागणारही नाही.

माझं अडायचं दशांश अपूर्णांकांपाशी. ०.५ मोठा की ०.३५? फळ्यावर लिहून विचारलं की पुढच्या दोन बाकांवरचे सात-आठ हात वर. त्यातलं एक उठायचं, "शून्य पूर्णांक पाच दशांश मोठा, बाई." मी शाब्बास म्हणायचे आणि पुढच्या उदाहरणाकडे वळायचे. मग घटक चाचणीत कळायचं की अर्ध्याअधिक वर्गाला ०.३५ मोठा वाटतो. का वाटतो? कारण आपणच त्याला 'पस्तीस शतांश' म्हणायला शिकवतो, आणि पस्तीस पाचापेक्षा मोठे हे तर मुलाला पहिलीपासून माहीत आहे. ही चूक आळसाची नाही. विचार करूनच केलेली आहे. फक्त तो विचार मला वेळेवर दिसत नव्हता. हात वर करणारे दिसतात, न करणारे दिसत नाहीत, आणि ६१ च्या वर्गात न करणारेच पन्नास असतात.

हे दुखणं धरून बसा. यावर तीन उपाय सांगते; तिसरा तेवढा फोनचा आहे.

पहिला उपाय पाटी. हसू नका. आपल्या आजीच्या वर्गात गुरुजी तोंडी हिशेब घालायचे, पोरं पाटीवर उत्तर लिहून पाटी पालथी ठेवायची, आणि 'पाट्या वर' म्हटलं की सगळा वर्ग एका नजरेत तपासून व्हायचा. तिकडे इंग्लंडातल्या शाळांत आता हेच छोट्या पांढऱ्या फळ्यांवर चालतं, आणि त्याचे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर 'नवीन तंत्र' म्हणून येतात. आपण पाट्या माळ्यावर टाकल्या आणि आता शोधत बसलोय. अप्पा बळवंत चौकात पारदर्शक प्लास्टिकच्या फाइली डझनाने मिळतात. आत एक कोरा कागद सरकवायचा, वर व्हाइटबोर्डच्या मार्करने लिहायचं. झाली पाटी. पुसायला घरातला जोडीदार हरवलेला मोजा. तो मोजाच का? हातात घालून पुसता येतो, आणि मार्कर त्यातच ठेवता येतो. ६१ मार्कर घेणं परवडत नसेल तर एका बाकावर एक पाटी, दोघांत मिळून एक उत्तर. दोघांत मिळून चालतं तेव्हा कुजबुज होते, ती होऊ द्या. ती गणिताचीच असते, निदान निम्मी तरी.

दुसरा उपाय फुकटचा, म्हणून सगळ्यांत अवघड: प्रश्न विचारल्यावर गप्प राहणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासक होत्या. त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि कधी न बोलणारी मुलं बोलायला लागली. तीन सेकंद म्हणजे काय ते वर्गात उभं राहून बघा. अंगावर येतात. मी मनातल्या मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणायचे, आणि सुरुवातीचे कितीतरी दिवस दोनावरच तोंड उघडायचे. गप्प बसणं हे आपल्या धंद्यात कुणी शिकवतच नाही.

तिसरा उपाय म्हणजे तुमच्या शेजारच्या सरांकडून शिकण्यासारखी गोष्ट. प्लिकर्स नावाची कार्डं असतात. त्यांच्या वेबसाइटवर खातं काढून ती छापून घ्यायची. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकोनांची एक वेगळी आकृती आणि एक क्रमांक. आकृतीच्या चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी लिहिलेलं असतं. मुलाला उत्तर 'बी' वाटलं तर बी असलेली कड वर येईल असं कार्ड धरायचं. तुम्ही पुढे उभं राहून फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा. अ‍ॅप एकेक आकृती ओळखतं आणि कुणी काय म्हटलं ते नावापुढे लिहून घेतं. मुलांना फोन लागत नाही, फक्त तुमचा एक. प्रत्येक कार्डाची आकृती निराळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून तसंच धरलं तरी नक्कल होत नाही. हे मुलांच्या लक्षात यायला दोन तास जातात आणि ते दोन तास बघण्यासारखे असतात. साधा संच ४० कार्डांचा, मोठा ६३ चा. तुम्हाला मोठाच घ्यावा लागेल. दोन कार्डं उरतील, ती हरवलेल्यांच्या बदल्यात.

दोन बारकावे, जे कुठल्याही लिंकेत सापडत नाहीत. कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका. खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेरा आंधळा होतो. जाड साध्या कागदावर छापा, फाटली की पुन्हा छापा. आणि मुलांना कार्ड कडेला धरायला शिकवा, कारण अंगठा काळ्या आकृतीवर आला की ते कार्ड वाचलंच जात नाही. पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाचे अंगठे आकृतीवर असतात.

पण कार्डांपेक्षा महत्त्वाचा आहे तो प्रश्न. चार पर्याय असे हवेत की चुकीच्या उत्तरामागचा विचार दिसावा. हा बघा: 'सर्वांत मोठी संख्या कोणती? ०.५, ०.३५, ०.२७५, ०.०९.' ज्याने ०.२७५ धरलं, तो दशांशचिन्हापुढचे आकडे दोनशे पंच्याहत्तर असे वाचतोय. ०.०९ वाल्याने सगळ्यांत मोठा अंक शोधला, नऊ. ०.३५ वाल्याला मात्र जवळ जाऊन विचारावं लागतं, तिथे दरवेळी नवीनच काहीतरी ऐकायला मिळतं. आणि आता गंमत: ०.५ म्हणणारे सगळे बरोबर असतात का? काहींच्या डोक्यात असतं की शतांश-सहस्रांश म्हणजे बारीक तुकडे, म्हणून जितके आकडे जास्त तितकी संख्या लहान. त्यांचं उत्तर बरोबर, कारण चूक. म्हणून लगेच दुसरा प्रश्न टाकायचा: ०.४ मोठा की ०.४७? मघाशी छातीठोकपणे बरोबर धरलेल्यांपैकी काही कार्डं इथे फिरतात. त्या क्षणी मला कळायचं की उद्याचा तास कुठून सुरू करायचा. हे दोन प्रश्न पाटीवरही तितकेच चालतात, बोटांवरही: एक बोट म्हणजे पहिला पर्याय, हात छातीशी धरायचा म्हणजे मागच्याला दिसत नाही. गुरुवारी वीज गेली तरी बोटं असतातच.

आता येऊ पॅनलकडे. त्याच्याशी तुमचं भांडण आहे, म्हणून मुद्दाम मागे ठेवलं होतं.

पॅनल फळ्याच्या जागी आलंय असं आपल्याला वाटतं, तिथेच घोटाळा होतो. पॅनलवरची गोष्ट जाते. बोट सरकवलं की मागचं पान गेलं, आणि चौथ्या बाकावरच्या मुलीचं अजून निम्मं उतरवून व्हायचं असतं. फळ्यावरची गोष्ट राहते. तास संपेपर्यंत डोळ्यांसमोर असते, मान वर केली की सापडते. म्हणून मी वाटणी करून टाकली होती: हलणारं पॅनलवर, राहणारं फळ्यावर. व्याख्या, सोडवलेलं उदाहरण, गृहपाठ हे फळ्यावर, आणि फळ्याचा डावीकडचा पाव भाग तास संपेपर्यंत पुसायचाच नाही. पॅनल फक्त त्या गोष्टीसाठी जी हलल्याशिवाय कळत नाही.

दशांशांचंच घ्या. जिओजेब्रा नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पॅनलवर किंवा लॅपटॉपवर एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. त्यात संख्यारेषा उघडा आणि ० ते १ मधला भाग दोन बोटांनी ताणत जा. आधी नुसते ० आणि १, मग मध्ये ०.५ उगवतो, मग दशांश दिसायला लागतात, अजून ताणलं की दोन दशांशांच्या मध्ये शतांश. 'अजून ताणा बाई, अजून' असं मुलं ओरडतात. शेवट कधी येतो ते त्यांना बघायचं असतं. ०.३५ कुठे बसतो ते मुलाला स्वतः ताणून शोधायला लावा. हे फळ्यावर होत नाही. मी खडूने रेघा मारून बरीच वर्षं प्रयत्न केला, शतांशापर्यंत आले की खडूच रेघेपेक्षा जाड.

दुसरं, फेट. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. विज्ञान-गणिताची हलती प्रतिरूपं, फुकट, आणि त्यातली बरीच मराठीतून. एकेक प्रतिरूप ही एकच फाइल असते. घरी उतरवा, पेन ड्राइव्हवर घाला, वर्गात नेट नसलं तरी उघडते. व्हिडिओंचंही असंच करा: वर्गात बसून शोधू नका. सगळ्यांसमोर शोधायला गेलं की व्हिडिओच्या आधी जाहिरात येते, आणि ती कशाची असेल याची हमी तुम्हीही देऊ शकत नाही नि मुख्याध्यापकही.

तिसरा वापर मला सगळ्यांत आवडायचा, आणि त्याला काही शिकावंही लागत नाही. फोन दोन डब्यांच्या चळतीवर आडवा ठेवायचा, कॅमेरा खाली, आणि फोनचा पडदा पॅनलवर दाखवायचा. खाली मुलाची वही. नाव झाकून. 'हे उदाहरण कुणीतरी असं सोडवलंय. कुठपर्यंत बरोबर आहे?' कुठे चुकलं असं न विचारता कुठपर्यंत बरोबर आहे असं विचारा, मग ज्याची वही आहे तोच शेवटी हात वर करतो, "बाई, माझी आहे." पडद्यावर फोन कसा आणायचा हे शेजारच्या सरांना विचारा. प्रत्येक पॅनलचं बटण वेगळ्या ठिकाणी असतं, कागदावर सांगून उपयोग नाही.

विज्ञानाबाबत माझं एक ठाम मत आहे, पटलं तर घ्या. जे हातात घेता येतं ते पडद्यावर दाखवू नये. चुंबक पॅनलवर कसला दाखवायचा? जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी गेलात तर फुटक्या स्पीकरमधले चुंबक मिळतात, घासाघीस करा. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणा, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे तुकडे कापा आणि त्यात काड्यापेटीच्या काड्या खोचून आकार जोडायला सांगा. काड्यांचा गुल आधी काढून टाका, नाहीतर शाळेत नवीनच प्रकरण व्हायचं. त्रिकोण ताठ राहतो, चौकोन लगेच कलंडून तिरका होतो, आणि पत्र्याच्या शेडखालच्या कैच्या त्रिकोणीच का असतात हे मुलं शाळेतून बाहेर पडताना स्वतः दाखवतात. ही कल्पना अरविंद गुप्तांची. पुणे विद्यापीठाच्या आवारात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या 'पुलस्त्य' इमारतीतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. टाकाऊतून विज्ञान खेळणी करण्याची त्यांची सगळी पुस्तकं, मराठीसुद्धा, त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत. पॅनल ठेवा शनीच्या कड्यांसाठी. स्टेलॅरियम हे फुकट सॉफ्टवेअर लावा, ठिकाण पुणे करा, आणि आज रात्री आठ वाजता आपल्या गच्चीवरून कोणता ग्रह कुठे दिसेल ते दाखवा. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधीच चारजण सांगायला येतील, त्यातला एक ढगांची तक्रार घेऊन.

काही गोष्टी भराभर सांगते, कारण त्यांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. प्रश्नपत्रिका अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत असाल तर युनिकोडवर या. नाहीतर दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी किडेमुंग्या दिसतात, आणि ते नेमकं झेरॉक्सच्या दुकानात कळतं. टाइप करायचा कंटाळा येत असेल तर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, बऱ्यापैकी उतरवतो. विरामचिन्हं आणि जोडाक्षरं मात्र स्वतः तपासा. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या वेबसाइटवर आहेतच. पुस्तकातल्या क्यूआर कोडवर सरकारच्या दीक्षा अ‍ॅपने काय उघडतं ते तासाच्या आधी घरी बघून ठेवा, वर्गात पहिल्यांदा बघू नका.

एआयला प्रश्न काढायला सांगायला हरकत नाही. दहा मिनिटांत तीस उदाहरणं देतो. पण मीही घरी बसून नातवाच्या मदतीने हा उद्योग केला, तर उत्तरसूचीतली दोन उत्तरं सपशेल चूक निघाली, तीही फार आत्मविश्वासाने लिहिलेली. आणि न सांगता सोडलं तर मराठी असं लिहितो की 'एका मुलाकडे बारा सफरचंदे आहेत'. पुण्यातलं कुठलं पोर बारा सफरचंद घेऊन फिरतं? 'पीएमपी बसच्या तिकिटांवर काढ, तुळशीबागेतल्या खरेदीवर काढ' असं सांगावं लागतं. प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवल्याशिवाय फळ्यावर जाऊ देऊ नका. मुलांची नावं, गुण, फोटो तिथे टाकू नका.

फोनवरचा गृहपाठ देऊ नका, निदान सहावीला. तुमच्या ६१ पैकी किती घरांतला फोन सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री नऊला परत येतो, हे एकदा हात वर करायला लावून नव्हे तर एकेकाला बाजूला घेऊन विचारा.

फोटोंचं काय? मुख्याध्यापकांना 'नाही' म्हणू नका, त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं असतं. वर्गाच्या मागे उभं राहून फोटो काढा. पॅनल दिसतं, फळा दिसतो, मुलांची डोकी मागून दिसतात, चेहरे दिसत नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे, हे बोलता बोलता त्यांच्या कानावर घाला. मुलांचे चेहरे ग्रुपग्रुपवर फिरणं तसंही बरं नव्हे.

आता शेजारचे सर. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल अडीच ओळी आहेत आणि त्या मी दोनदा वाचल्या. त्यांच्या वर्गातलं हसणं तुम्हाला टोचतंय. त्यांना एकदा सांगा, 'सर, गुरुवारचा माझा ऑफ तास आहे, तुमच्या वर्गात मागे बसू का?' बघायचं काय, तर अ‍ॅप नाही. मुलं हसतात तेव्हा गणितावर हसतायत की खेळावर, ते बघा. दोन्ही चालतं, पण फरक कळला पाहिजे. आणि त्यांना तुमच्या वर्गात बोलवा. चोवीस वर्षांत तुम्ही फळा कसा मांडता, शेवटच्या बाकाला आवाज न चढवता कसं गप्प करता, कुणाची वही आधी तपासायची हे कसं ठरवता, हे त्यांना कुठल्या लिंकेत मिळणार? माझ्या शाळेत आम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षक खोलीत अर्धा तास बसायचो. नियम एकच: एकाने या आठवड्यात जमलेली एक गोष्ट सांगायची आणि फसलेली एक. फसलेली आधी. पहिले दोन शनिवार कुणाचंच काही फसलं नव्हतं. तिसऱ्या शनिवारी मी भेंडी सांगितली, मग रांग लागली.

साधन हातात आहे म्हणून अडचण शोधत फिरणं आणि अडचण आहे म्हणून साधन शोधणं यातला फरक सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत दिसतो. तिथल्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, आणि त्यांनी दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली, हे तुम्ही वाचलं असेलच. सुरुवात मात्र त्यांच्या गाजलेल्या क्यूआर कोडपासून नव्हती. वर्गातल्या मुलींची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक दुसऱ्या भाषेत, ही अडचण होती, असं त्या पारितोषिकाच्या परिचयात म्हटलं होतं. त्यांनी पुस्तकांचं भाषांतर केलं आणि कविता-गोष्टी ऐकता याव्यात म्हणून पुस्तकात कोड चिकटवले.

तर या सत्रात एकच अडचण घ्या, मी म्हणते म्हणून दशांशाचीच असंही नाही. आधी पाटीवर करून बघा, महिनाभराने कार्डांवर. पॅनल चालू-बंद करायला आणि वायर लावायला दोन मुलं नेमा, दर महिन्याला बदला. पासवर्ड मात्र तुमच्याकडेच ठेवा. नेमणुकीत पहिला नंबर त्या मागच्या बाकाचा. त्याला सांगा, दीड मिनिटात सुरू नाही झालं तर 'बाई, फळा' असं तूच म्हणायचंस.

पाट्यांचा पहिला दिवस कसा गेला ते कळवा. मार्कर किती हरवले तेही लिहा.

– तुमची, निवृत्त बाई